पिशवीचा रंग

(कर्वेनगरमधील नर्सिंग कॉलेज. प्रात्यक्षिकांच्या खोलीत नम्रता मॅडम आणि तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी विश्वजीत.)

नम्रता : बस म्हटलं ना मी. तिसऱ्यांदा सांगतेय.

विश्वजीत : वॉर्डातले वैजनाथमामा शुद्धीवर आले का, तेवढं सांगा मॅडम. मग बसतो.

नम्रता : आले. रक्ताच्या गाठी काढल्या, रक्तस्राव थांबला. बस आता. आणि त्या सरावाच्या पुतळ्याचा हात सोड. त्याला काही होणार नाहीये.

विश्वजीत : बसलो.

नम्रता : दोन वाजता तू नोंद केलीस, ‘लघवी गडद पिवळी’. पावणेतीनला राजनंदिनी सिस्टरांनी पाहिलं, तर लघवीची पिशवी रक्तानं अर्धी भरलेली. ते रक्त दोन वाजताही तिथे असणार. न बघताच लिहिलंस?

विश्वजीत : हो. कंटाळा केला. जी शिक्षा असेल ती द्या.

नम्रता : किती घाई आहे शिक्षेची! तू आणि न बघता? तुझ्या नोंदी मी पहिल्या वर्षाच्या मुलांना वाचून दाखवते. ‘रुग्णाच्या मते, मोसंबीच्या रसासारखी.’ ‘रुग्णाच्या मते, कोऱ्या चहासारखी.’ सांगते त्यांना, संवाद म्हणजे हा, रुग्णाला स्वतःच्या शरीराकडे पाहायला लावणं. गेल्या वर्षीचं संवादकौशल्याचं पारितोषिक मीच दिलं तुला. आता तूच सांग, मी ते कशाला दिलं?

विश्वजीत : खिडकी उघडू, मॅडम?

नम्रता : उघडीच आहे. इंजेक्शनमुळे आज दुपारी ते गाढ झोपले होते. रंग विचारायला कुणी नव्हतं. बरोबर?

विश्वजीत : कुणी सांगितलं तुम्हाला?

नम्रता : वैजनाथमामांनीच. शुद्धीवर आल्यावर, पाणी मागायच्याही आधी. ‘त्या पोराला तांबडं दिसत नाय, त्याला रागवू नका.’

विश्वजीत : त्यांना म्हाईत हाय? म्हणजे... माहीत होतं?

नम्रता : दुसऱ्या दिवसापासून. तीस वर्षं मार्केट यार्डात हमाली केलीय त्यांनी. म्हणाले, आमच्यातही एक होता, हिंमतराव. टोमॅटो कच्चा की पिका, ते त्याला कळायचं नाही. तोही असाच गप्पा मारत मारत विचारून घ्यायचा.

विश्वजीत : आठ दिवस रोज सकाळी मी म्हणायचो, मामा, आज लघवी कशी वाटते? आणि ते किती सावकाश सांगायचे. एकेक शब्द निवडून. मला वाटायचं, मी त्यांची काळजी घेतोय.

नम्रता : आणि प्रवेशाच्या वेळी रंग ओळखायच्या तपासणीत ठिपक्यांमधले आकडे वाचलेस कसे?

विश्वजीत : पाठ केले. बारा, आठ, सहा, एकोणतीस. अजून झोपेतसुद्धा म्हणेन.

नम्रता : दरवर्षी या प्रतिज्ञापत्रावर सही केलीस. उभं राहता येतं, उचलता येतं, ऐकू येतं, रंगांतले फरक ओळखता येतात. तीन वर्षं, सगळीकडे ‘होय’.

विश्वजीत : बाकीचं सगळं खरं होतं, मॅडम.

नम्रता : तेच तर अवघड करून ठेवलंयस.

विश्वजीत : आमच्या रानात मिरची असायची. आई म्हणायची, तांबडी तेवढी तोड. मला तर सगळं झाड एकाच रंगात उभं दिसायचं. मग मी बोटांनी बघायला शिकलो. पिकलेल्या मिरचीची साल जरा सैल लागते. टोपलीत एक हिरवी यायची नाही. वाटलं, असंच निभेल सगळं, चाचपत, विचारत. पण रक्त पिशवीच्या आत असतं. बोटाला लागत नाही. गडद दिसली मला ती, खरंच दिसली. पण पाणी कमी प्यायल्यावरही गडदच दिसते ना.

नम्रता : पाच वाजता मला प्राचार्यांकडे अहवाल द्यायचाय. निष्काळजीपणा लिहिला, तर पंधरा दिवसांचं निलंबन. मग तू परत वॉर्डात, आहेस तसाच. खरं लिहिलं, तर समिती बसेल.

विश्वजीत : काढतील मला?

नम्रता : माहीत नाही. काढू नका, असं मी सांगेन. त्यांनी ऐकावंच, एवढा माझा दरारा नाही.

विश्वजीत : मग निष्काळजीपणाच लिहा ना, मॅडम. मला दुसरं काही नाही करायचं आयुष्यात. कुणाला कळणार आहे?

नम्रता : कुणालाच नाही. पुढच्या झोपलेल्या माणसालाही नाही. आता उठून फेऱ्या घालू नकोस. डोकं गरगरतं माझं.

विश्वजीत : त्या हिंमतरावांचं काय झालं पुढे?

नम्रता : मीही विचारलं तेच. टोमॅटोवरून काढलं त्यांना.

विश्वजीत : बघा.

नम्रता : बटाट्याच्या गाळ्यावर घेतलं. वीस वर्षं टिकले. सडलेलं पोतं वासावरून सांगायचे म्हणे, उघडायच्या आधी.

विश्वजीत : नर्सिंगमध्ये बटाट्याचा गाळा कुठे असतो?

नम्रता : शोधावा लागेल. पण लपून बसलेल्या माणसाला कुणी शोधून देत नाही.

विश्वजीत : किती वाजले?

नम्रता : पाचला दहा कमी.

विश्वजीत : द्या ते प्रतिज्ञापत्र. पेनही द्या... हे घ्या. अक्षर वाचता येईल ना?

नम्रता : बघू. ‘लाल आणि हिरवा हे रंग मला वेगळे ओळखता येत नाहीत. ही गोष्ट मी तीन वर्षे लपवली.’ दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं.

विश्वजीत : पहिलं एकट्यानं उभं राहीना.

नम्रता : खाली तारीख टाक.

विश्वजीत : टाकली. मॅडम, पिशवी आता कशी आहे?

नम्रता : मला काय विचारतोस? ज्यांची आहे ते जागे आहेत. जा, त्यांना विचार.