लेकीच्या गेमवर माझी तक्रार

...नाही, पण माझं चुकलं कुठे, तेवढं सांगा. तीन दिवस झाले, घरात बायको चहाचा कप असा आपटते की निम्मा बशीत, आणि लेक तर बोलतच नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं हो.

तुम्हाला सांगतो, मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. दुकानात गिऱ्हाईक नसलं की कॉम्प्युटरवर गेम खेळतो. कंपन्यांचे नाहीत, एकट्यादुकट्याने घरी बसून बनवलेले. मागच्या वर्षी असाच एक कुठल्याशा साइटवरून उतरवला आणि त्यातून व्हायरस शिरला, लेकीचे लहानपणापासूनचे सगळे फोटो गेले. तेव्हा तिनेच मला समोर बसवून नियम लिहून दिले. 'बाबा, बनवणाऱ्याचं खातं नवं दिसलं की संशय घ्यायचा. एकही अभिप्राय नसेल तर सावध. आणि अँटीव्हायरस ओरडला तर मूग गिळून बसायचं नाही, फाइल उडवायची आणि साइटकडे तक्रार करायची.' आता एवढं शिकवल्यावर माणूस तसंच वागणार ना?

मागच्या आठवड्यात माझ्या नेहमीच्या साइटवर एक नवा गेम दिसला. घड्याळाच्या दुकानाचा! आत एक म्हातारा, डोळ्याला भिंग, स्वतःशीच पुटपुटतोय... मला इतका आवडला म्हणून सांगू. पण बघतो तर खातं आदल्याच दिवशी उघडलेलं. अभिप्राय शून्य. बनवणाऱ्याचं नाव काय, तर 'उलटा काटा'. हे काय माणसाचं नाव झालं? तरी मोह झाला, उतरवला, आणि अँटीव्हायरसने जो काही ठणाणा केला... मी फाइल उडवली, तक्रार ठोकली, शेजारच्या चष्मेवाल्याला आणि त्याच्या दोन मेव्हण्यांनाही करायला लावली. संध्याकाळपर्यंत गेम साइटवरून गायब. माझं चुकलं कुठे?

छाती फुगवून घरी आलो, म्हटलं, आज एका चोराला धडा शिकवला. लेक टेबलाशी बसली होती. स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, 'बाबा, तो माझा होता.'

तीन वर्षं खपत होती हो, ऑफिसातून आल्यावर. मला वाटायचं ऑफिसचंच काम आणते. आणि तो पुटपुटणारा म्हातारा... मीच. म्हटलं, 'अगं, पण अँटीव्हायरस?' तर म्हणते, 'फाइल नवी असली, फारशी कोणी उतरवलेली नसली, की तो ओरडतोच.' हे नियमांत कुठे लिहिलं होतं?

साइटवाले म्हणाले, सगळ्यांनी तक्रारी मागे घ्या, गेम परत लावतो. चष्मेवाल्याने घेतली, मेव्हण्यांनी घेतली. राहिलो मी. मला म्हणे एक मेल पाठवली होती, तिच्यातल्या लिंकवर दोन दिवसांत क्लिक करायचं होतं, नाहीतर गेम कायमचा बंद.

आली होती. अनोळखी पत्ता, खाली 'ताबडतोब इथे क्लिक करा'... आता तुम्हीच सांगा, अशा मेलला कोणी हात लावतं का? मी उडवली. आणि फसवणूक म्हणून तिचीही तक्रार केली.

मुदत संपल्यावर लेकीला हे सांगितलं. मग म्हणाली, 'बाबा, तुम्ही अगदी बरोबर केलंत.'

तेव्हापासून गप्प आहे.