सोवळ्याची विहीर

—नाही म्हटलं ना! तिथेच थांब. जोडे काढलेस तरी नाही, आणि ती लाल पुडीची पिशवी तर उंबऱ्याच्या आत मुळीच नाही. पट्टीश्वरमच्या मुकुंदरावांचा लेक ना तू? व्यंकटरमण? मग! आपल्यातला असून या भागीरथीच्या विहिरीत औषध टाकायला आलास? काय, इन्स्पेक्टर? बरं बाबा, इन्स्पेक्टर तर इन्स्पेक्टर. पलीकडच्या गल्लीत परवा टाकलंत, तर वांग्याच्या सालीसारखं जांभळं पाणी आलं म्हणे घागरीत — त्यानं काय देवाला अभिषेक करायचा? माझ्या घरी कोणी आजारी नाही, लिहून घे तसं. वत्सला? वत्सलेचं कोणी सांगितलं तुला? शेजारच्या अंबाबाईनं ना? मेलीच्या जिभेला हाड नाही. वत्सला माझी लेक, सीमंत झालं म्हणून माहेरी आणलीय, पहिलटकरीण पोर — ऊन बाधलंय तिला, कालपासून पोट जरा सैल आहे, एवढंच. त्याला तुम्ही लगेच नाव देऊ नका! गावाबाहेर आजाऱ्यांना ठेवायला झापांचं छप्पर बांधलंयत ना, तिथे मी तिला पाठवायची नाही. तिथून चालत परत आलेलं एक माणूस दाखव मला. एक!

आणि औषध टाकायचंच तर योग्य जागी टाका की. महामहम् स्नानाची पर्वणी होऊन आज बारा दिवस झाले — गेलायस का त्या तळ्यावर? लाख माणसं बुडाली त्यात. तेल, फुलं, दातवणं, खरकटी पानं, लहान पोरांचं सगळं — आणि त्यातच ओंजळ भरून तीर्थ म्हणून प्यायची! पायरीवर शेवाळ की चिखल ते कळत नाही. आमच्या गल्लीचं गटार पाहिलंस? पोंगलपासून तुंबलंय, डास घोंगावतायत, दोनदा अर्ज केला ह्यांनी, इंग्रजीत केला, सहीशिक्क्यानिशी — कुत्रं फिरकलं नाही. राजांचा वाडा होता तंजावरला तेव्हा निदान दाद मागायला दार होतं, असं माझे सासरे म्हणत. आता कुणापुढे रडायचं? गटार तसंच, तळं तसंच, आणि माणसं मरायला लागली की पिशवी घेऊन कुणाकडे यायचं, तर भागीरथीकडे! जिच्या विहिरीत तिच्याखेरीज कुणाचा दोर उतरला नाही! पहाटे नाहून ओलेत्यानं मी शेंदते, एकटी. सुनेलासुद्धा हात लावू देत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

गोमती? हो, गोमती इथेच गेली. माझी जाऊ, नाचियार्कोविलला राहायची — ह्यांच्या धाकट्या भावाची बायको. स्नानाला म्हणून आली. मी म्हटलं, बाई गं, घरी दोन तांबे घे, पुण्य तेवढंच — ऐकेल तर ना! तळ्यात बुडी मारून आली, तिसऱ्या दिवशी आडवी. रात्रीत डोळे खोल गेले, बोटांच्या टोकांना सुरकुत्या... जाऊ दे. अरे, सगळं मी केलं तिचं. परटीण दारात यायला तयार नाही, म्हणे घरी लेकरं आहेत. आणि नदीवर कपडे न्यायचे तर गल्लीभर विटाळ, गल्लीभर चर्चा. मग? मग मीच धुतले. दोन लुगडी, एक गोधडी. कुठे म्हणजे? विहिरीच्या कट्ट्यावर, दुसरं कुठे! आणि वर पंचवीस घागरी ओतल्या दगडावर, मोजून पंचवीस, खांदे भरून आले माझे. नावाला डाग राहिला नाही. ये, लांबून बघ हवं तर — बघ, इतकं पाणी सांडतं रोज, पण कुठे डबकं दिसतं का? कट्ट्याला चीर गेलीय ना तिथून सगळं आत जिरतं, थेंब उभा राहत नाही. म्युनिसिपालटीच्या गटाराला हे जमेल?

वाकून काय बघतोस तिथे? चीर आहे म्हटलं ना, जुनीच आहे. बोट घालू नकोस!

मी काही लपवत नाही. गल्लीला विचार. बाकी सगळ्यांच्या विहिरी उन्हाळा लागला की मचूळ होतात, आमची तेवढी गोड. मी कुणाला नाही म्हणत नाही. दारात कळशी ठेवायची, मी वरून ओतते, शिवाशीव नाही. राजगोपालाच्या घरी चार कळश्या, पंकजाकडे दोन, स्वामीनाथांकडे सहा — त्यांची आई तर म्हणायची, भागीरथी, तुझं पाणी असल्यावर गंगा कशाला. गेली बिचारी मंगळवारी. राजगोपालाची दोन्ही मुलं अंथरुणाला खिळलीयत. पंकजाचा नवरा काल... काय पाप केलं होतं रे या लोकांनी? सांग ना, शिकलेला आहेस! आणि तो टोकाचा जानकीराम बघ. रेशीम रंगवतो. हिरवं-तांबडं सगळं गटारात सोडतो, नाक धरून जावं लागतं त्याच्या दारावरून. आला होता कळशी घेऊन, मी सरळ हाकलला, म्हटलं रंगाचे हात घेऊन माझ्या दारात येऊ नकोस. एक थेंब दिला नाही. भट्टीवर दिवसभर पाणी उकळत असतं, तेच निववून पितात म्हणे घरचे सगळे. आणि त्याच्या घरी अकरा माणसं, अकराच्या अकरा ठणठणीत! हा न्याय झाला? घाण करणारा ठणठणीत, आणि जी जी माझ्या सोवळ्याचं पाणी प्यायली ती ती घरं...

...

तू असा माझ्याकडे बघू नकोस.

बघू नकोस म्हणते ना! पंचवीस घागरी ओतल्या मी. पंचवीस. त्या सगळ्या त्या चिरेतून... खाली... नाही रे. दगडातून, मातीतून गाळून जातं ना पाणी? जातं की नाही? आणि पिशवीची गाठ का सोडतोयस आता? स्वामीनाथांच्या आईच्या तोंडात शेवटचं पाणी मीच घातलं रे. माझ्या हातानं. — काय? वत्सला? वत्सलेला दुसरं कुठलं पाणी देणार मी, बाहेरचं देईन का या दिवसांत? तहान तहान करतेय काल रात्रीपासून, म्हणून चेंबू भरून उशाशी ठेवलाय, सांगितलंय घोटघोट घेत राहा... अगोबाई! — टाक, टाक तुझी पूड, सगळी टाक, जांभळी होऊ दे नाही तर काळी, जा, हो बाजूला, वाट सोड माझी — वत्सले! वत्सले, पिऊ नकोस गो! ठेव तो चेंबू खाली! इकडे दे, दे म्हणते ना...

अगो, सगळा कधी प्यालीस?