चार महिने पलीकडच्या गाडीवर

(ला पाझ. इंजिनिअरिंग कॉलेजचं पुढचं फाटक, दुपारचे बारा. बासिलियाची शेंगदाण्याच्या सूपची गाडी, रस्त्यापलीकडे तशीच नीवेसची.)

बासिलिया : त्या टोकाला बसा, साहेब. हे बाकडं रोजच्या माणसांचं आहे.

ग्रोव्हर : साहेब काय म्हणता, कासेरा? मी ग्रोव्हर.

बासिलिया : जो एकाच गाडीवर जेवतो तो माझा कासेरो, आणि त्याची मी कासेरा. तुम्ही मार्चपासून नीवेसकडे जेवताय. वर तळलेले बटाटे घालू, की सवय मोडली?

ग्रोव्हर : घाला. तुम्हाला दिसत होतं?

बासिलिया : रस्ता आठ पावलांचा. टोपी ओढून, इकडे पाठ करून बसायचात. ती पाठ आणि तो कोट मी पाच वर्षं पाहिलाय.

ग्रोव्हर : लाज वाटली हो. प्रबंधाची तोंडी परीक्षा व्हायच्या आधीच मी इंजिनिअर झालो म्हणून सगळीकडे सांगून बसलो. पास झालो की माझ्या डोक्यावर उधळायला तुम्ही रंगीत कागदी टिकल्यांची पिशवी आणलीत. आणि नापास. मग या फाटकातून कुठल्या तोंडानं बाहेर येणार?

बासिलिया : म्हणून मागच्या फाटकानं पळालात. तुमचं नि तुमच्या आईचं सूप काढून ठेवलं होतं. त्यावर साय धरली.

ग्रोव्हर : आज पुन्हा आहे, तीन वाजता. आईलासुद्धा सांगितलेलं नाही. आता उडालो तर नवा विषय, आणखी दीड वर्ष. सकाळपासून पावसुद्धा घशाखाली उतरत नाही. म्हटलं, इथलंच उतरेल.

बासिलिया : का? नीवेसचं नाही उतरत?

ग्रोव्हर : खरं सांगू? तिचं म्हणजे गरम पाणी. तुम्ही कच्चे दाणे वाटून तासभर उकळता, ती चवच नाही त्याला. पोट भरायचं, जेवल्यासारखं वाटायचं नाही.

बासिलिया : बोला, बोला. ती येतेच आहे.

नीवेस : बासिलिया, अर्धं पातेलं दे गं, माझं संपलं. अगं बाई, हा माझा टोपीवाला इथे कसा?

बासिलिया : तुझं सूप गरम पाणी आहे म्हणतोय.

नीवेस : माझं? माझं मनगट मोडलं मार्चमध्ये. वरवंटा धरवतोय कुठे? तेव्हापासून दाणे माझे, वाटणं-उकळणं हिचं. मी नुसती वाढते.

ग्रोव्हर : म्हणजे मी चार महिने...

बासिलिया : माझंच खात होतात. मला पाठ दाखवून.

नीवेस : ही रोज विचारायची, टोपीवाला आला का, सगळं संपवलं का. मी म्हणायचे, संपवतो, पण बोलत नाही कुणाशी.

ग्रोव्हर : मग चव का लागत नव्हती?

नीवेस : मला नको विचारूस. मी माप भरून वाढत होते. माप झाल्यावर वरून फुकट घालायचा अर्धा डाव तेवढा दिला नाही. तो ज्याच्या त्याच्या कासेरानंच द्यायचा असतो.

ग्रोव्हर : कासेरा, हा घ्या वाडगा. वरचा अर्धा डाव?

बासिलिया : नाही. पोट जड झालं की परीक्षकांसमोर पेंगशील. आधी जाऊन ये.

ग्रोव्हर : आणि पुन्हा नापास झालो तर?

बासिलिया : टिकल्यांची पिशवी मार्चपासून बाकड्याखाली आहे, तिला घाई नाही. सूप मात्र चारपर्यंतच असतं, कासेरो. पुढच्या फाटकानं ये.