आणि त्यांनी ऐकलं तर?

अकरा नोव्हेंबर, सोमवार, आभाळ गच्च भरलेलं, पाऊस मात्र नाही, आणि मला एका संस्थेच्या सल्लागार मंडळावर बोलावणं! आता तुम्ही म्हणाल, असं बोलावणं आलं की माणूस छाती पुढे काढून फिरतो. अहो, माझी छाती धडधडतेय, ती पुढे कुठून काढू?

तुम्हाला सांगतो, माझं रंगाचं दुकान. गिऱ्हाईक विचारतं, "हॉलला कुठला रंग देऊ?" मी वर्षानुवर्षं एकच उत्तर देत आलोय, "तुम्हाला आवडेल तो." बस्स! कारण एकदाच, एकदाच हो, मेहुण्याला म्हणालो होतो, "झोपायच्या खोलीला पिवळा दे, प्रसन्न वाटेल." त्यानं दिला. छतालासुद्धा! तेव्हापासून त्याला झोप नाही, आणि दर रविवारी येऊन लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघत बसतो... बोलत नाही, नुसता बघतो. सल्ला द्यायला काय जातं? पण ऐकला तर?

तर त्या संस्थेच्या या बाई. मुलींचं वसतिगृह चालवतात. रंग घ्यायला आल्या, मी म्हणालो, "तुम्हाला आवडेल तो," तर त्या गहिवरल्याच! "किती समंजस आहात हो! आमच्या सल्लागार मंडळावर अशीच माणसं हवीत." अहो, मी समंजस नाही, घाबरट आहे! पण हे भर दुकानात चारचौघांत कसं सांगायचं?

घरी बायकोला सांगितलं. ती हसून हसून भिंतीला टेकली. "तुम्ही? सल्लागार? अहो, परवा छत्री घेऊ का विचारलं तर म्हणालात, आभाळाला विचार!" मग डोळे पुसत म्हणाली, "व्हा की. घरात तरी कोण ऐकतं तुमचं?" तेच तर! घरात कोणी ऐकत नाही म्हणून तर मी निवांत आहे. तिथं ऐकलं तर?

आणि सल्ला कशावर, तर वसतिगृहाची जुनी इमारत सोडायची की नाही! बघायला गेलो. जिना पाय ठेवताच कुरकुरतो, म्हणजे सोडा! पण नवी जागा भर रस्त्यावर, दारासमोरून ट्रक असे सुसाट... म्हणजे सोडू नका! मागे वळलो, तर पायरीपायरीवर बुटांचे जोड. त्यातला एक एवढासा, तळहातावर मावेल, नाडीला गाठीवर गाठ. तुम्हाला सांगतो, आधाराला कठडा धरला... तर कठडाही हलला! पिवळ्या रंगानं नुसती झोप जाते हो. इथं मी चुकलो, आणि त्यांनी ऐकलं तर?

म्हणून आज नकार द्यायला गेलो. सगळं पाठ करून, दुकान, गुडघा, वेळ नाही. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं, "बाई, तो जिना बघितल्यापासून मला भीती वाटते." बाईंनी बाकीच्या चार सल्लागारांकडे बघितलं. मग बाई म्हणाल्या, "बरं, आग्रह नाही. पण जाता जाता एवढं सांगा, तुमच्या जागी कोणाला घ्यावं?"

सुटलो! एक पाय दाराबाहेर, आणि त्या आनंदात... अहो, जीभ आवरायची ना माणसानं! म्हणालो, "तो जिना बघून ज्याची झोप उडेल, अशालाच घ्या!"

त्यांनी ऐकलं.

ठराव एकमतानं मंजूर. पाचवा सल्लागार मी. पहिली बैठक गुरुवारी चार वाजता, जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर.