एका वाक्यापुरती बॅटरी

महेंद्र: ताई, ही बॅटरी नाही, सातवा महिना आहे. फुगून स्पीकरचं झाकण उचललंय हिनं.

संचिता: म्हणून तर आणलाय. बदलून द्या.

महेंद्र: चार्जिंगला किती तास लावायचात?

संचिता: चोवीस. हा बंद पडला की आमच्या घरात बोलणंच बंद पडतं.

महेंद्र: रोज पार्टी असते काय?

संचिता: बाबांशी बोलतो आम्ही याच्यावर. ते बाहेर बाकड्यावर बसलेत ना, ते. नुसतं ओरडलं तर ऐकू येत नाही, माईकवरून बोललं की येतं.

महेंद्र: कानाचं मशीन घ्यायचं.

संचिता: घेतलंय. कानात कुकरची शिट्टी होते म्हणून त्यांनी ते डब्यात ठेवलं. मग माझ्या भावाच्या हळदीला आणलेला हा स्पीकर कामाला लावला. आता मी विचारते, "बाबा, गोळी घेतली का?" आणि तिसऱ्या मजल्यावरून निशाकाकू सांगतात, "घेतली गं, मगाशीच."

महेंद्र: शेजार चांगलाय तुमचा.

संचिता: आहे, गुरुवारपर्यंत.

महेंद्र: गुरुवारी काय?

संचिता: बिल्डिंग पाडतायत.

महेंद्र: आंबिवलीची का? ती खोट्या कागदांची?

संचिता: तीच. कागद सगळे खोटे. शिक्के मात्र सुरेख होते. बाबांनी गावचं सगळं विकून घेतलेलं घर आहे.

महेंद्र: त्यांना माहितीय?

संचिता: नोटीस आली त्याच दिवशी हा बंद पडला. आख्ख्या बिल्डिंगला माहितीय, यांना सोडून. काल ग्रिलवाल्याला बोलावून खिडकीचं माप दिलं त्यांनी.

महेंद्र: मग ग्रिलवाला काही बोलला नाही?

संचिता: बोलला की. माप दोनदा घेतो म्हणाला, चूक नको व्हायला.

महेंद्र: अहो, मग कागदावर लिहून द्यायचं ना. वाचता येतं ना त्यांना?

संचिता: मस्त वाचतात. नोटीसही वाचली. पण बिल्डरनं लिहून दिलेलं: लिफ्ट, बाग, चोवीस तास पाणी. एकही मिळालं नाही. तेव्हापासून लिहिलेलं ते खरं धरतच नाहीत. म्हणतात, घरच्या माणसानं तोंडानं सांगितलं तरच खरं. नोटीस त्यांनी डाळीच्या डब्याखाली अंथरलीय.

महेंद्र: भावाला सांगू द्या. मोठा आहे ना?

संचिता: मितेश? त्यानं सामान सासरी नेलं, वर्तकनगरला. जाताना म्हणाला, "स्पीकर सुरू झाला की तूच सांग, तुझा आवाज त्यांना नीट लागतो."

महेंद्र: एक करू का? पार्ट नाही म्हणतो, शुक्रवारी देतो.

संचिता: शुक्रवारी कुठं आणून देणार?

महेंद्र: ...तेही आहे. आत्ताच टाकतो. कंपनीची नाही मिळणार, याच मापाची दुसरी बसवतो. दोन तारांचं काम आहे, दहा मिनिटं.

संचिता: किती वेळ चालेल?

महेंद्र: सहा तास आरामात.

संचिता: एवढी नको. मला एकच वाक्य बोलायचंय.

महेंद्र: वाक्यापुरती येत नाही ताई. येत असती तर मीच घरी दोन ठेवल्या असत्या.

संचिता: तुम्हाला कोणाला सांगायचंय?

महेंद्र: बायकोला. दुकानाच्या जागेबद्दल. जाऊ दे, तुमचं आधी. हे घ्या, लाईट लागली. माईकवर बोलून बघा.

संचिता: काय बोलू?

महेंद्र: लोक हॅलो म्हणतात.

(माईक सुरू होतो. आवाज रस्त्यापलीकडच्या रसवंतीपर्यंत जातो. बाकड्यावरचे धोंडिबा मान वळवतात.)

संचिता: हॅलो.

धोंडिबा: आलं गं, आलं ऐकू. आठ दिस झालं तुझा आवाज न्हाई. म्हटलं रुसली का काय.

संचिता: नाही बाबा. बॅटरी गेलेली.

धोंडिबा: समद्यांचीच गेली व्हती व्हय? ती निशा बी दारात येऊन नुसती तोंड हलवायची. पदर डोळ्याला लावायची. म्हटलं कांदा चिरून आली आसंल.

संचिता: बाबा, एक सांगायचंय.

धोंडिबा: सांग की.

संचिता: घरी गेल्यावर सांगते.

धोंडिबा: घरी समदी बिल्डिंग ऐकती. हितंच सांग. हितं वळखीचं कोण न्हाई.

महेंद्र: ताई, मी हवं तर कानावर हात ठेवतो.

संचिता: बाबा, ते ग्रिल. ग्रिलवाल्याला नको म्हणून सांगू या.

धोंडिबा: का? रंग पसंत न्हाई?

संचिता: ...हो. रंग पसंत नाही.

धोंडिबा: मग चॉकलेटी सांग. मळत न्हाई. आन भिंतीत खोल बसवायचं म्हणावं, हालाय नगं. तुझी पोरं लोंबकाळत्याली त्याला.

संचिता: हो.

धोंडिबा: नुसतं हो नगं. ध्यानात ठेव.

संचिता: ठेवते बाबा.

महेंद्र: ताई, बटण बंद करू का? पुन्हा बिघडला म्हणून सांगू.

संचिता: नको. थांबा जरा.

धोंडिबा: आन काय गं? बोल. आता येक-येक शब्द ऐकू येतुया मला.