पूर्णा येथील गोदामातील चिंबोऱ्यांच्या पेटीबाबत

दि. १८/११/२०२५

मी, सीताबाई लडकू केणी, वय ५४ वर्षे, धंदा चिंबोऱ्या (खेकडे) विकणे, रा. कोन, ता. भिवंडी, पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की,

मी वरील ठिकाणी सून मृणाली हिच्यासह राहते. खाडीत चिंबोऱ्या पकडून कोन नाक्यावर विकते.

तक्रारदार प्रितेश हरेश मढवी, रा. पूर्णा, हा तीन आठवड्यांपासून माझ्याकडून जिवंत चिंबोऱ्या नेत होता. "नांग्या बांधू नको मावशी, हलत्या पायजेत," असे तो सांगे. घरात खाणारे असतील, असे मला वाटले.

दि. १६ रोजी सकाळी अकरा वाजता त्याच्या सांगण्यावरून मी दहा चिंबोऱ्या घेऊन पूर्णा येथे त्याच्या वडिलांच्या गोदामात गेले. आत काळे पडदे लावून अंधार केला होता. मुंबईहून आलेली तीस-चाळीस माणसे होती. पत्र्याचे डबे, जुने स्पीकर व यंत्रमागाचे लाकडी धोटे जोडून प्रितेशने हाताने वाद्ये बनवली होती. मध्ये काचेची पेटी होती. तीत मी आधी दिलेल्या चिंबोऱ्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीला तार चिकटवली होती. चिंबोरी हलली की डब्यातून कर्कश आवाज निघे. आवाज झाला की तिच्या डोळ्यांवर दिवा पेटे. दिव्याने दचकून ती परत हले. "एकदा चालू झालं की थांबत न्हाय, आपोआप चालतं," असे प्रितेश पाहुण्यांना सांगत होता.

पेटीत पाणी नव्हते. तीन मेल्या होत्या, वास सुटला होता, तरी काढल्या नव्हत्या. गाभोळी (अंडी) भरलेल्या एकीने स्वतःची नांगी तोडून टाकली होती. एका बाईने वाकून त्या नांगीचा फोटो काढला. तिच्या दुसऱ्या हातात खाण्याची बशी होती.

तुम्हीही चिंबोऱ्या मारताच ना, असे जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारले. होय, मारते. एका घावात मारते, आणि खाण्यासाठी.

मी प्रितेशला म्हटले, "बंद कर." तो म्हणाला, "मावशी, त्यांना दुखत न्हाय. गातात त्या." मी म्हटले, "मंग तुझ्या पाठीला लाव तार." त्यावर लोक हसले. तेव्हा मी पेटी उलथली, टोपलीतल्या सुरीने तारा कापल्या व दोन डबे लाथेने पाडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमच वाटला.

टोपलीतल्या दहा मी त्याला दिल्या नाहीत. पेटीतल्या सात जिवंत होत्या. त्या मी खाडीत सोडल्या. पाठीवरचा गोंद निघाला नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमारास प्रितेशचा फोन आला. "लोकांना तुझं लय आवडलं मावशी. पुढच्या रविवारी असंच कर, मी नवीन पेटी बनवतो." मी नाही म्हटले. दुसऱ्या दिवशी त्याने नुकसानीची तक्रार दिली.

नुकसान मी केले, हे मला मान्य आहे. आधी 'रागाच्या भरात' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. किळस आली म्हणून केले.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून ऐकवला. मी बोलले तसाच लिहिला आहे, तो बरोबर आहे.

सीताबाई लडकू केणी
(डाव्या हाताचा अंगठा)