नावेला हात लावायचा नाही

—अहो, कुत्रं नाही चावलं, सांगतोय ना! माणसाचेच दात आहेत ते. धुवा, जळू दे, मला काही होत नाही. फक्त जरा हात चालवा सिस्टर, पट्टी झाली की मला वर जायचंय — धाकटा भाऊ आहे वर, तोच, तळ्यात सलग पोहण्याचा विक्रम केला तो. कशासाठी? तुमच्याच दवाखान्यासाठी की! भाजलेल्या लेकरांच्या वॉर्डासाठी. विक्रम झाला तरच देणगी, असं सगळ्या देणगीदारांचं ठरलेलं. — चावलं कोण? त्याची बायको. हसू नका.

नियम असा आहे, पोहणाऱ्यानं नावेला हात लावायचा नाही. बोट टेकलं की बाद. खाणंसुद्धा बांबूच्या टोकाला जाळी बांधून पुढे करायचं. बांबू माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्याचे डोळे सुजून बंद, ओठ फुटलेले, मलाच ‘बाबा, बाबा’ करायला लागला — आणि आला की नावेकडे! मग? हाणला बांबू. खांद्यावर. परत आला, परत हाणला. कानशिलातून रक्त यायला लागलं. पंच मागच्या नावेत, त्याला ओरडून विचारलं, चालतं का? त्यानं पुस्तक चाळलं, म्हणाला, आधार दिला तर बाद, मारण्याबद्दल काही लिहिलेलं नाही. झालं! मग कशाला हात आखडता घेऊ? अहो, मी स्वतः उतरलो होतो त्याच तळ्यात, ऐन उमेदीत. दमलो, तर सगळे म्हणाले, ये बाबा बाहेर, पुरे झालं. एकानं, एकानं जरी तेव्हा मला फोडून काढलं असतं ना, तर आज — जाऊ दे. तुम्हाला नाही कळायचं.

माझ्याच नावेत बसलेली ही त्याची बायको किंचाळते, ‘दादा, मरेल तो!’ आणि हात पुढे करते त्याला धरायला. सगळ्यावर पाणी! मी तिला नावेच्या तळाशी दाबली, पाठीत गुडघा रोवला, तिनं तोडला हा लचका — आणि तेवढ्यात ह्यानं नावेची कड धरली — धरली नाही हां, धरायला आला. मी वल्हं घातलं बोटांवर. कचकन आवाज आला. मग गेला मागे, पोहला, रडत पोहला, पण पोहला! शिंपी आहे तो, बोटं काय, जुळतील.

काय? नाही, टेकली नव्हती. सांगतोय ना, पाण्यातच होती. — पाण्यातली बोटं कशी मोडतील म्हणजे? खाली लाकूड नसेल तर... तुम्ही नर्स आहात का वकील? पंचानं सही केलीय. लेकरांना खाटा मिळणार आहेत, तुमच्याच लेकरांना, तोंड बंद ठेवा जरा!

झाली ना पट्टी? कुठला मजला? — का नाही? भेटायची वेळ आहे की ही. — कोण म्हणालं? तो? दादाला वर सोडू नका, असं? शुद्धीत होता का पण? ... काय सांगता, पांघरुणात तोंड लपवतो? नुसतं माझं नाव निघालं तरी?

सोडा. अडवू नका, सोडा हात.